वास सुटेपर्यंत

गेल्या आठवड्यात मी आमच्या अंगणातली सगळीच्या सगळी खरबुजं एका सकाळीत, माझ्या या दोन हातांनी, केराच्या सुपलीत टाकली. तेव्हा ती खरबुजं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. वेलाला पिवळी फुलं आली होती, आणि त्यातल्या काही फुलांच्या मागे वाटाण्याएवढी हिरवी, लव असलेली गाठ दिसत होती. आदल्या रात्री मोबाईलवर मी वेलीला होणाऱ्या गाठींच्या रोगाबद्दल एका गृहस्थाचं भाषण पाहिलं होतं. ते गृहस्थ कोणत्या वेलीबद्दल बोलत होते ते नीट ऐकायच्या आधी मला झोप लागली, पण गाठ हा शब्द डोक्यात राहिला. सकाळी चष्मा लावून, एकेक पान उचलून, मी सगळ्या गाठवाल्या फुलांचा निकाल लावला. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर माझे सासरे, आबा, चहाचा कप घेऊन बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं, चहा संपवला, आणि कप खाली ठेवला. बोलले काही नाहीत. मला वाटलं, जावई शेतीत लक्ष घालतोय म्हणून कौतुक वाटलं असेल.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, केर काढत आली आणि सुपलीकडे बघून तिथेच उभी राहिली.

"अहो, हे काय केलंत?"

"रोग होता. गाठी आल्या होत्या."

"त्या गाठी नव्हत्या. खरबुजं होती ती!"

सुनंदा टेंभुर्णीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माझं शेतीचं ज्ञान भाजी घेताना मेथी ओळखण्यापर्यंत आहे, आणि त्यातही शेपूशी गफलत होते. तिनं मला दोन मिनिटांत समजावलं की वेलाला आधी येतात ती नुसती देठावरची फुलं नराची, आणि मागे बारकी गाठ घेऊन येतं ते मादीचं. फळ तिथंच धरतं. मी बरोबर हेरून नेमकी तीच खुडली होती. नराची सगळी फुलं मात्र ठणठणीत होती.

आता कुणी म्हणेल, पन्नाशी उलटलेल्या, सरकारी कचेरीत टेबलामागे आयुष्य काढलेल्या माणसाला हा खरबुजाचा उद्योग कुणी सांगितला होता? तर कारण आबा होते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना आम्ही टेंभुर्णीहून आणलं. ऑपरेशन झालं, थेंब घालायचे संपले, काळा चष्मा कपाटात गेला, आणि त्यांनी रोज सकाळी "मग मी निघतो आता" म्हणायला सुरुवात केली. तिकडे हमरस्त्यालगतच्या घरात त्यांच्यासाठी कुणी नाही. सासूबाई गेल्या, मेहुणा पुण्यात, रान वाट्यानं दिलेलं. पण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे त्यांच्या मनातून निघेना. सुनंदानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. तेव्हा मी बाजारातून खरबुजाचं बी आणलं. उभं पीक टाकून रानातला माणूस कुठं जात नाही, हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ते मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या परसात बघितलं होतं, हातात मीठ लावलेली कैरी धरून.

ते बिऱ्हाड म्हणजे एकापुढे एक अशा दोन खोल्या, आणि मागे न्हाणीघराला लागून एक लांबट मोकळी जागा. मालकीणबाई नरसम्माअक्का शेजारीच राहायच्या. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. त्यांच्या मागांचा खटखट आवाज दिवसभर आमच्या भिंतीतून यायचा. पाहुणे विचारायचे, "एवढ्या आवाजात पोरं अभ्यास कसा करतात?" मी करतच नव्हतो, त्यामुळे मला त्रास नव्हता. उलट अमावस्येला माग बंद असले की घर कसंतरीच वाटायचं, कुणीतरी बोलता बोलता मध्येच गप्प झाल्यासारखं. सकाळी आई भाकरी थापायची, तो आवाज आणि मागांचा आवाज काही वेळ एका तालात चालायचे, मग भाकरी तव्यावर गेली की ताल मोडायचा. शेंगाची चटणी, भाकरी, वर कच्चं तेल, आणि उन्हाळ्यात कांदा. रविवारी धपाटे. आजही कुणी दार नेटानं थापटलं की मला भूक लागते. डॉक्टर म्हणतात साखर तपासून घ्या.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एका शाळेच्या कार्यालयात कारकून होते आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. दिवसभर शाळेत लोकांना "उद्या या" म्हणून म्हणून घरी येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असत. त्यांना एकच व्यसन, तपकिरीचं. चिमटीत धरून दोन्ही नाकपुड्यांत इतकी वर्षं त्यांनी ती कोंबली होती की त्यांचं नाक वासाच्या कामातून निवृत्तच झालं होतं. एकदा आई शेजारी गेलेली असताना दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं, गल्लीतली माणसं डोकावून गेली, आणि दादा चुलीपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होते. आई आली तेव्हा म्हणाले, "लवकर आलीस." त्या दिवसापासून घरात कुठलीही गोष्ट कुणाला समजली नाही की आई म्हणायची, "ह्याचं दादांचं नाक झालंय."

आईचे वडील आण्णा. त्यांचं गाव मंद्रूपच्याही पुढे, भीमेच्या काठी. आई त्यांची एकुलती एक. नदीचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या वाळूत ते खरबुजं लावायचे. पुढे बंधारा झाला, नदीत उन्हाळाभर पाणी राहायला लागलं आणि त्यांची वाळू पाण्याखाली गेली. सगळे म्हणाले, पाणी आलं, चांगलं झालं. आण्णाही म्हणाले, चांगलं झालं. मग ते घरात बसले. आजी आधीच गेलेली. एका हिवाळ्यात ते तापानं अंथरुणाला खिळलेत असा निरोप आला, तेव्हा दादा एसटीनं जाऊन त्यांना घेऊन आले. जाताना आईला काही बोलले नाहीत, येताना त्यांनाही काही बोलले नसावेत. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "आण्णांना आणलंय."

आईच्या हातच्या हुलग्याच्या माडग्यावर आण्णा संक्रांतीपर्यंत उठून बसायला लागले. आणि हिंडायला लागले त्या दिवसापासून त्यांची पिशवी खुंटीवरून खाली यायला लागली. एक धोतर, एक सदरा, चंची आणि आरसा, एवढा त्यांचा संसार त्या पिशवीत होता.

"जातो मी आता, सुमे."

"कुठं जाताय? तिकडं कोण आहे?"

"कोन नसंना. लेकीच्या दारात बाप किती दिस ऱ्हायचा? लोक तोंडावर बोलत न्हाईत, पर बगत्यात की."

"लोकांचं काय घेऊन बसलात?"

मग आण्णा आवाज खाली घ्यायचे. "लोकांचं ऱ्हाऊ दे. जावई बोलत न्हाईत माज्याशी."

"ते कुणाशीच बोलत नाहीत, आण्णा. माझ्याशी तरी कुठं बोलतात?"

"तुज्याशी न बोलून चालतंय. सासऱ्याशी बोलाय पायजे."

खरी अडचण इथं होती, आणि ती आईला कळत होती. लेकीनं कितीही 'राहा' म्हटलं तरी ते मोजलं जात नाही. घर जावयाचं. 'राहा' हा शब्द त्यानं उच्चारायचा असतो. आणि आमचे दादा 'जेवलात?' आणि 'पाणी आलं का?' या दोन प्रश्नांपलीकडे कधी गेले नव्हते. आई त्यांना तसं सांगू शकली असती. पण सांगून बोललेला शब्द आण्णांना लगेच ओळखू आला असता. तेव्हा तिनं दुसरा रस्ता धरला. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठत आली होती. आकाशपाळणे उतरवायला लागले, थंडी मोडली, की खरबुजाचं बी भिजवायचं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पण बी आणायचं कुठून? गावाकडं आता कुणी लावत नव्हतं. ती नरसम्माअक्कांकडे गेली. त्यांच्या मागांच्या शेडवर दरवर्षी कसला तरी वेल चढलेला असायचा आणि त्याला पिवळी गोल फळं लागायची. मी तिच्याबरोबर होतो, म्हणून ते संभाषण मला आठवतं. त्या दोघींनी एकमेकींना एक अक्षरही खोटं सांगितलं नाही.

"अक्का, तुमच्या त्या गोल फळाचं बी आहे का?"

"दोसपंडू? हाय की. मस्त हाय."

"पिकतं ना ते?"

"पिकतंय की! पिवळं जर्द होतंय."

"खरबुजासारखं?"

"तसंच की. वेल तसंच, पान तसंच, बी तसंच. सगळं तसंच हाय."

"चवीला?"

"लई चांगलं लागतंय बघा. आमचं मालक तर ते असलं की दोन घास जास्त जेवतंय."

दोन घास जास्त *जेवतंय*, हे ऐकून आईनं थांबायला हवं होतं. खरबूज कुणी भाताबरोबर जेवत नाही. पण माणसाला गरज असली की कान हवं तेवढंच घेतात. ती बी पदरात बांधून घरी आली, पाण्यात भिजवलं, मग ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. बियांना पांढरे मोड फुटले तशी ती फडकं घेऊन आण्णांपुढे गेली. 'राहा' नाही, 'थांबा' नाही. तळहात पुढे करून म्हणाली, "आण्णा, बी तर मोडावलं. आता पुढं काय करायचं ते मला आठवत नाही."

आण्णांच्या खांद्याला पिशवी होती. त्यांनी बियांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मोड आलेलं बी ओलाव्यातून निघालं की वाळून मरतं. ती पिशवी खाली ठेवताना ते म्हणाले, "एवढं लावून देतो, आन निघतो."

मग जे झालं ते सांगायला मला फार आवडतं. सुनंदाला ते पाठ झालं आहे, पण तुम्ही नवीन आहात. आण्णा परसात गेले आणि त्यांनी आधी वहाणा काढल्या. अनवाणी पावलं मातीवर ठेवून ते उगाच उभे राहिले. मला वाटलं, प्रार्थना चालली आहे. "जमीन तळव्याला गार लागली तर बी झोपतंय," म्हणाले. "आता बरी हाय. कोमट हाय." परसातली माती काळी, चिकट. ती मुठीत दाबून त्यांनी नाक मुरडलं. "ही पानी धरून बसती. खरबुजाला धरून बसनारी माती चालत न्हाई, सोडून देनारी पायजे." गल्लीत कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यातली घमेलंभर मागून आणायला मला पिटाळलं. हातभर रुंदीचे खड्डे, त्यात चाळलेलं जुनं शेणखत, वाळू, आणि तीच काळी माती. वर मातीचा पसरट उंचवटा, म्हणजे मुळाशी पाणी साचायला नको. एका उंचवट्यावर तीन बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल, आडव्या. "उगवली की त्यातलं जोमाचं एक ठेवायचं, बाकीची उपटायची." मी विचारलं, "मग तीन लावायची कशाला?" ते म्हणाले, "तुला शाळंत घातलंय ते का? तसंच. आशेवर."

परसात दिवसभर ऊन असायचं, ते वेलाला हवंच होतं. पाणी मात्र त्यांनी सकाळीच घातलं, लोट्यानं, बुडाशी, पानाला थेंब लागू न देता. पान भिजलं की रोग पडतो. दुपारी पानं मरगळली म्हणून आई तांब्या घेऊन धावली तर तिला हाकलून दिलं: "उन्हानं मान टाकली हाय, संध्याकाळी उचलतंय." आणि उचललीही. वेल हातभर झाला तसा त्यांनी त्याचा शेंडा खुडला, मग बाजूच्या फांद्या फुटल्या. फुलं आली तेव्हा सकाळी लवकर, मधमाशा आल्या नव्हत्या त्या दिवशी, त्यांनी एक नुसतं फूल तोडून गाठवाल्या फुलात हलकेच फिरवलं आणि मला म्हणाले, "हे बग. ह्येच्या मागं गाठ हाय ती लेक. तिला जपायचं." म्हणजे सुनंदानं मला परवा शिकवलं ते आण्णांनी मला तेव्हाच शिकवलं होतं. पण त्या वेळी मी कैरी खात होतो. आमच्या घरात शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं आहे. घेणाऱ्याच्या हातात नेहमी काहीतरी असतं.

आणि प्रत्येक पायरीला आण्णांचं जाणं पुढं सरकत होतं. बी लावून निघणारे आण्णा दोन पानं फुटेपर्यंत थांबले. मग "शेंडा खुडून देतो, तुला जमायचं न्हाई." मग "फूल येऊ दे." फुलानंतर फळ धरलं, तेव्हा प्रत्येक फळाखाली फुटक्या कौलाचा तुकडा सरकवायचं काम निघालं, नाहीतर ओल्या मातीनं ते खालून कुजलं असतं. फळं मोठी झाली, पिवळी व्हायला लागली, आणि तोडायची वेळ आली तसं आण्णांनी शेवटचं सांगून टाकलं.

"एक फळ पिकलं, वास सुटला, की निघालो. मग न्हाई थांबत."

आईचा चेहरा उतरला. खरबूज पिकल्याची खूण त्याचा वास, हे तिलाही माहीत होतं. नदीत असताना वास सुटला की कोल्हं यायचं, आणि आण्णा म्हणायचे, मालकानं कोल्ह्याच्या आधी पोचायला पाहिजे. त्यानंतर रोज सकाळी आण्णा उकिडवे बसून एकेक फळ नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. आई चुलीपाशी भाकरी थापायची थांबायची. मागांचा खटखट तेवढा चालू.

"अजून न्हाई," आण्णा म्हणायचे. भाकरी पुन्हा सुरू व्हायची.

असे बरेच दिवस गेले. फळं पिवळीधमक झाली, काही केशरी झाली, एक तर आपोआप तडकलं. आण्णा त्याचा वास घेऊन म्हणाले, "हे खराब निघालं. फुडचं बगू." मला एवढंच कळत होतं की आमची खरबुजं फार आळशी आहेत.

मग तो रविवार आला. दादा घरी होते, बाजेवर पेपर. अक्का परात कमरेवर घेऊन मागच्या दारानं आल्या आणि परसात पाय टाकताच ओरडल्या, "अय्यो! दोसकाया एवढं पिवळं करून ठेवलाव? पप्पूत घालायचं सोडून काय करायलाव तुमी?"

आण्णा एका फळावर वाकले होते. ते तसेच राहिले.

आई म्हणाली, "अक्का, खरबूज आहे ते."

"खरबूज कुठलं? मीच बी दिलं की तुमाला! दोसकाया हे, पिकलं की दोसपंडू. आंबट काकडी म्हना. वरणात घालायचं."

"अहो, पण पिकतं म्हणाला होता तुम्ही..."

"मग पिकलं न्हाई का? बघा की कसं पिकलंय!"

मला हसू आलं होतं, पण आईकडे बघितलं आणि ते आतच राहिलं. आण्णा हळूच उठले. धोतराला हात पुसले. ते आत गेले, खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि खांद्याला लावून बाहेर आले. कुणाकडे न बघता म्हणाले, "म्हंजे पीक निगालं म्हनायचं. खरबूज नव्हतंच, तर थांबायचं तरी कशासाटी? निघतो मी, सुमे."

आई दारात पिठाच्या हातांनी उभी. तिचा शब्द मोजला जाणार नव्हता, आणि तिच्याकडचं होतं नव्हतं ते बी संपलं होतं. अक्कांना काय झालं ते समजेना. त्या परात घेऊन एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात बाज करकरली. दादा उठले. पेपरची घडी घातली, ती उशीखाली ठेवली, आणि अनवाणीच परसात गेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक साफ केलं, दोन्ही बाजूंनी, अगदी मन लावून, कार्यालयातला शिक्का पुसावा तसं. मग ते वेलापाशी उकिडवे बसले. माझ्या आयुष्यात मी त्यांना मातीत बसलेलं तेव्हा प्रथम बघितलं. त्यांनी सगळ्यांत पिवळं फळ दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले.

"आण्णा," ते म्हणाले, "वास कुठाय?"

"आं?"

"वास सुटला की जाणार म्हणाला होता. मला तर कसलाही वास येत नाही."

हे त्यांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. त्यांना कित्येक वर्षांत कसलाही वास आला नव्हता.

अक्का म्हणाल्या, "दोसकायाला वास कुठला असतंय, ओ दादा, ते..."

"अक्का, चहा टाकते, बसा," आई इतक्या जोरात म्हणाली की शेजारचा एक माग थांबला.

दादा उभे राहिले. हातांना माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "अक्का, फळं हवी तेवढी न्या. वेलाला हात लावू नका. वास सुटलेला नाही, म्हणजे पीक अजून उभं आहे." मग आण्णांकडे वळून, पण त्यांच्या डोळ्यांकडे न बघता, पिशवीकडे बघत, ते बोलले. एवढं लांब मी त्यांना त्याआधी बोलताना ऐकलं नव्हतं. "आणि उद्या पाण्याचा दिवस आहे. मी शाळेत असतो. ह्या पोराचं लक्ष कुठं असतं ते तुम्ही बघताच. तुम्ही गेलात तर वेलाला पाणी कोण घालणार? आमच्याकडं माणूस नाही, आण्णा."

आण्णांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाले, "व्हय. ते बी हायच की."

आणि पिशवी खुंटीला गेली. माणसं एकमेकांना मिठ्या मारतात, तसलं आमच्याकडे काही झालं नाही. दादा परत पेपर घेऊन बसले आणि त्यांनी तपकिरीची डबी काढली. फक्त आईनं त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली. अक्कांनी तो चहा तसाच गोड गोड पिऊन टाकला आणि दुपारी पितळी पातेलंभर दोसकाया घातलेलं वरण पाठवलं. त्याला त्या पप्पू म्हणायच्या. लसणाची चुरचुरीत फोडणी, लाल मिरची, आणि त्यात त्या आमच्या आळशी फळाच्या फोडी. आम्ही भाकरी कुस्करून खाल्लं. आण्णांनी पहिला घास चावला, सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"खरबूज जरा आंबाट निगालं," ते म्हणाले.

दादांना ठसका लागला. ते हसत होते हे आईनं मला नंतर सांगितलं. मी घाबरून पाणी आणायला पळालो होतो.

पुढे मी एकदा आण्णांना विचारलं होतं, तुम्हाला नदीतला एवढा अनुभव, मग फळ ओळखलं कसं नाही? ते कौलाचे तुकडे धुऊन पुढच्या हंगामासाठी भिंतीला लावून ठेवत होते. म्हणाले, "खरबुजाला अंगावर जाळी धरती. ह्येला धरंना, तवाच कळलं व्हतं. गप बस." आईला ते कधी कळलं, की आधीपासून माहीत होतं, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की ती म्हणायची, "तू आधी जेव." आण्णा आमच्याकडे शेवटपर्यंत राहिले. दरवर्षी गड्डा उठला की वहाणा काढून मातीवर उभे राहायचे, दरवर्षी दोसकायाचंच बी लावायचे, आणि उन्हाळाभर कुणी "आण्णा, गावाकडं कधी?" विचारलं की सांगायचे, "वास सुटू दे की." आमच्या घरात त्या फळाला कायम खरबूजच म्हणत. त्याची झळ बिचाऱ्या सुनंदाला बसली. लग्न होऊन ती घरात आली, चारच दिवस झाले असतील, आणि आईनं तिला सांगितलं, "आज खरबुजाचं वरण कर, लसूण जास्त घाल." सुनंदा बाजारातून दोन गोड, घमघमीत खरबुजं घेऊन आली आणि सासूची आज्ञा म्हणून रडत रडत ती तुरीच्या डाळीत शिजवली. दादांनी दोन वाट्या खाल्लं. त्यांना काही फरक कळला नाही.

तर असं सगळं माझ्या पदरी असताना मी आबांसाठी बी लावलं होतं. बी बाजारातलं आणि अस्सल खरबुजाचं होतं, म्हणजे माझी योजना मुळातच आईपेक्षा कच्ची. आबांनी आळी करून दिली, माती बघून दिली, "शेंडा खुडून जातो" इथपर्यंत गाडी ठीक आली होती. आणि मग मी चष्मा लावून फळांचा नायनाट केला.

संध्याकाळी आबा कोपऱ्यावरच्या मारुतीला गेले होते. मी ओट्यावर बसून सुनंदाला म्हणालो, "माझ्यामुळं सगळं बिघडलं. आता फळच नाही, तर कशासाठी थांबतील ते? उद्या सकाळी पिशवी भरतील बघ."

ती शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "तुम्ही खुडत होता तेव्हा आबा समोरच होते ना?"

"समोरच. खुर्चीवर."

"चष्मा होता?"

"लागतोय कुठं आता? ऑपरेशन झालंय. पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीचा नंबर वाचतात."

"आणि काही बोलले नाहीत."

"अक्षर नाही."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "मग पुन्हा गाठीची फुलं आली की तीही खुडा. आबा खुर्चीवर बसले की मगच."